यात्रेला निघण्यापूर्वी

अक्षय्य तृतीया जवळ आली, की यात्रेला निघालेली वडीलधारी मंडळी दवाखान्यात येतात आणि जुलाबाच्या गोळ्या मागतात. गोळ्या मी देतो. पण आपला देश रामेश्वरपासून केदारनाथपर्यंत पसरलेला आहे, तेवढ्याने भागत नाही.

रामेश्वरला घामावाटे पाणी आणि मीठ जाते. तेथे जुलाब लागले तर गोळीच्या आधी जलसंजीवनी घ्यावी. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे.

केदारनाथचे प्रकरण वेगळे. गौरीकुंड सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे, तर मंदिर ३,५०० मीटरच्याही वर. तेथे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. ‘आम्ही हेलिकॉप्टरने जाणार, दगदग नाही,’ असे पुष्कळजण सांगतात. पायांची दगदग वाचते हे खरे. पण विरळ हवेची सवय व्हायला शरीराला वेळच मिळत नाही. डोके दुखू लागले, मळमळले, चक्कर आली, की आपली माणसे ‘पित्त झाले’ म्हणून आले-लिंबू चाटतात आणि पुढे निघतात. तसे करू नका. वर जाणे थांबवा. बसल्या जागी दम लागला, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर ताबडतोब वैद्यकीय मदत घेऊन रोग्याला खाली आणा. दर्शन राहिले तरी चालेल.

रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे मोठ्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा. हृदयविकार असलेल्यांनी तिकीट काढण्याआधी भेटावे. तिकीट काढून ‘जाऊ ना?’ विचारणाऱ्याला माझे ‘नाही’ ऐकूच येत नाही.