जुनं पुस्तक कुठवर चालतं?

बारावीचा निकाल लागला की नंदुरबारच्या माझ्या ऑफिसात फायलींच्या जोडीला पुस्तकांच्या पिशव्या यायला लागतात. मी सीएची प्रॅक्टिस करते. घरातलं कुणी सीए करणार असं ठरलं की आमच्याकडे आधी सुरतेच्या नातेवाइकांना फोन जातो, त्यांच्याकडची जुनी पुस्तकं येतात, आणि मग ती मला दाखवायला आणतात. ‘ताई, ह्या पुस्तके चालतीन ना?’ शहाद्याकडच्या एका काकांनी तर गोणीच ओतली. बहुतेक पुस्तकांची पहिली काही पानं पिवळ्या हायलायटरने रंगलेली, पुढची कोरी करकरीत.

मी किंमत बघत नाही, लेखकाचं नावही नंतर. आधी बघते ते पुस्तक कोणत्या परीक्षेसाठी छापलंय. सीएचा अभ्यासक्रम २०२३ मध्ये बदलला आणि नव्या पद्धतीच्या परीक्षा २०२४ मध्ये सुरू झाल्या. इंटरचे, म्हणजे मधल्या टप्प्याचे, पेपर आठाचे सहा झाले. त्याआधीचा पुस्तकांचा संच कुणी निम्म्या किमतीत देत असेल, तरी तो महागच पडतो.

पण सगळं जुनं टाकाऊ, असंही नाही. घसारा, भागीदारी, बँक जुळवणी पत्रक यांची गणितं काल होती तशीच आज आहेत. फाउंडेशनच्या, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या, गणिताच्या पेपरसाठी तर जुना प्रश्नसंच खुशाल घ्यावा. उत्तर चुकलं की पाव मार्क कापला जातो, त्यामुळे सराव जितका जास्त तितका बरा. करार कायदा १८७२ चा आहे, त्याचाही गाभा तोच.

कराचं पुस्तक मात्र भाजीसारखं शिळं होतं. १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा लागू झाला. ज्या ८०सी कलमाच्या भरवशावर आपल्याकडचे शिक्षक मार्चमध्ये विमा काढायला धावायचे, ते आता १२३ झालंय. जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ ला बदलले. (जीएसटी आला १ जुलै २०१७ ला, नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला आणि सीए दिवसही १ जुलैच. त्या दिवशी पेढे नेमके कशाचे, हे आमच्या ऑफिसात कुणी विचारत नाही.) फाउंडेशनला कर हा विषय नाही. म्हणून इंटरचं कराचं पुस्तक घाईने आधीच घेऊन ठेवू नये, परीक्षा ठरली की सर्वांत शेवटी घ्यावं.

आपल्या परीक्षेला कोणता कायदा, कुठवरच्या दुरुस्त्या लागू, हे दुकानदाराला विचारून उपयोग नाही. ते सीए इन्स्टिट्यूट सांगतं. इन्स्टिट्यूटचं स्टडी मटेरियल वेबसाइटवर फुकट उतरवता येतं. प्रत्येक परीक्षेआधी आरटीपी, म्हणजे उजळणीचा संच, निघतो, त्यात नव्या दुरुस्त्या आणि त्यांवरचे प्रश्न असतात. सरावाला एमटीपी, म्हणजे नमुना पेपर. मटेरियल जाड आहे, रुक्ष आहे, मान्य. तरीही पहिलं वाचन त्याचंच करा. बाहेरचं पुस्तक घ्यायचं ते जिथे अडतंय तेवढ्याच विषयाचं, आणि एका विषयाला एकच.

पोरं ज्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत, पण मी जे आवर्जून छापून घ्यायला लावते, ते म्हणजे जुन्या पेपरांची इन्स्टिट्यूटने दिलेली उत्तरं. समजा, प्रश्न आहे: सतरा वर्षांच्या मुलाने उधारीवर मोटारसायकल घेतली, दुकानदाराला त्या करारावर पैसे मागता येतील का? आमचा विद्यार्थी लिहितो, ‘नाही, मुलगा अज्ञान आहे, करार रद्द.’ उत्तर बरोबर, मार्क मात्र तोकडे. आधी कलम ११ काय म्हणतं ते यायला हवं, मग मोहरी बीबीच्या १९०३ च्या खटल्यात अज्ञानाचा करार मुळातच निरर्थक ठरला ते, मग या मुलाला ते कसं लागू पडतं ते, आणि शेवटी निष्कर्ष. या मांडणीचं वळण गाइडमधल्या तक्त्यातून हाताला लागत नाही. पास व्हायला प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण निम्मे मार्क लागतात, आणि पुष्कळ जण अडकतात ते त्या निम्म्याशी.

क्लासचं म्हणाल, तर धडगाव-अक्कलकुव्याच्या पोरांना पेन ड्राइव्हवरची लेक्चर्स सोयीची वाटतात, कारण रेंजचा भरवसा नसतो. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: मुदत कधी संपते, एक लेक्चर किती वेळा बघता येतं, आणि ते मोबाइलवर चालतं की लॅपटॉपच लागतो. लॅपटॉप नसलेल्या घरात लॅपटॉपवरच उघडणारी लेक्चर्स आलेली मी पाहिली आहेत. इन्स्टिट्यूटचे स्वतःचे ऑनलाइन वर्ग फुकट आहेत. नेट मिळेल तिथे आधी त्यांतले दोन-चार बघावेत.

मराठी माध्यमातली पोरं हमखास विचारतात, पेपर हिंदीतून देऊ का? देता येतो, मराठीतून नाही. माझं मत इंग्रजीच्या बाजूने, कारण पुढे आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या हाताखालच्या प्रशिक्षणात, नोटिसा, रिटर्न, ऑडिट रिपोर्ट सगळं इंग्रजीतच हाताळायचंय. पण बालभारतीचं अकरावीचं ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ एवढ्यात रद्दीत घालू नका. इंग्रजी उतारा डोक्यावरून गेला की तेच प्रकरण मराठीत उघडायचं, खतावणी पक्की करायची, आणि परत इंग्रजी पानावर यायचं.