गावच्या मातीच्या बांधाचा जीव सांडव्यात

पर्वत पाटिया, लिंबायत, डिंडोली या भागांत राहणाऱ्या आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मूळ गावे खान्देशात आहेत. सुरतेत आपल्याला खाडीच्या पाण्याची धास्ती असते. ऑगस्ट २००६ चा तापीचा पूर तर कुणीच विसरलेले नाही. गावाकडे, शिंदखेडा-अमळनेरच्या कोरडवाहू पट्ट्यात, नाला वर्षातले बहुतेक दिवस कोरडाच असतो. पण एखादा जोराचा पाऊस झाला की तोच नाला तासाभरात दुथडी भरतो. हे पाणी अडवायला गावोगावी मातीचे बांध आहेत. १९७२ च्या दुष्काळात मजुरांच्या हाताला काम म्हणून असे कितीतरी पाझर तलाव आणि नालाबांध झाले. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी त्या कामांवर माती वाहिली आहे.

अशा बांधाच्या पोटात काळ्या चिकणमातीचा गाभा असतो. तो पाणी धरून ठेवतो. दोन्ही बाजूंना मुरूम असतो आणि पाण्याच्या बाजूला दगडांचे पिचिंग. पुराचा लोंढा बांधामागे थांबतो, गाळ खाली बसतो, पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या विहिरींना उतरते. जास्तीचे पाणी बाजूच्या सांडव्यातून निघून जाते.

बांधाचा खरा जीव या सांडव्यात आहे. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की ते माती कापत जाते आणि थोड्याच वेळात भगदाड पडते. गुजरातमध्ये ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू-२ धरणाचे हेच झाले. सांडव्याला पेलवेल त्याहून जास्त पाणी आले, ते दोन्ही बाजूंच्या मातीच्या बांधावरून गेले आणि खाली मोरबी शहर बुडाले. गावचा बांध त्यामानाने खूपच लहान, पण नियम तोच.

म्हणून आखाजीला गावी जाल तेव्हा बांधावर एक चक्कर मारा. सांडव्यात झुडपे, गाळ किंवा कुणाचे अतिक्रमण आहे का? बांधावर बाभळी वाढल्या आहेत का? उंदीर-घुशींची बिळे आहेत का? बांधाचा माथा कुठे खचला आहे का? पावसाळ्यात गावाशी फोनवर बोलताना पायथ्याच्या पाझराबद्दलही विचारा. थोडे नितळ पाणी येत असेल तर ते एकसारखे राहते की वाढते, यावर नजर ठेवायला सांगा. पाणी गढूळ आले तर आतली माती वाहते आहे, हे ओळखा. अशा वेळी खालच्या वस्तीला सावध करून ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयाला लगेच कळवायला हवे.

आपण इथे राहत असलो तरी त्या बांधाखाली आपलेच भाऊबंद राहतात.