लाल हाड, पांढरे हाड

१७३६ च्या आसपासची गोष्ट. लंडनचे शस्त्रवैद्य जॉन बेल्चियर एका कापड छापणाऱ्याकडे जेवायला गेले होते. पानात डुकराचे मांस आले, त्यातली हाडे लाल. रंगाच्या कढईतला, मंजिष्ठेच्या युरोपी बहिणीच्या रंगाने माखलेला कोंडा डुकरांना खायला घालत, आणि तो रंग हाडाने धरून ठेवला होता. बेल्चियरांनी लगेच रॉयल सोसायटीला कळवले. या युरोपी बहिणीतला रंग म्हणजे आलिझारिन. तो कॅल्शियमला चिकटतो. बशीत वाढवलेल्या पेशींनी खरेच हाड घडवले का, हे बघायला आजही आलिझारिनच ओततात. बशी लाल झाली की चेहरे खुलतात.

खुलावेत का, हा प्रश्न आहे. पेशींच्या खुराकात फॉस्फेट पुरवणारे रसायन घालतात. ते जास्त झाले तर मेलेल्या पेशींवरही क्षार साचतात आणि बशी तितकीच लाल होते. शिवाय पुष्कळदा त्या बशीत असतात ‘साओस-२’ किंवा ‘एमजी-६३’ या पेशी, म्हणजे हाडाच्या कर्करोगातून घेतलेल्या. निरोगी हाडाची साक्ष द्यायला कर्करोग!

पेट्रीची बशी १८८७ ची. स्वस्त, पारदर्शक, पेशी मोजायला सोपी. म्हणूनच ती टिकली. पण तिच्या तळाशी पेशी पापडासारखी पसरते. हाडात असे काही नसते. हाडातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक पेशी ऑस्टिओसाइट. प्रत्येक पेशी आपापल्या इवल्याशा कोठडीत बंद, पण भिंतींतल्या बारीक नळ्यांतून डझनावारी हात शेजारणींपर्यंत पोचलेले. आपण जिना चढलो की नळ्यांतला द्रव हलतो, ऑस्टिओसाइटला धक्का कळतो, आणि कुठे बांधायचे, कुठे पाडायचे हा निरोप गवंड्यांना आणि पाडकाम करणाऱ्यांना जातो. भाराप्रमाणे हाड घडते, हे बर्लिनच्या युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडले होते. अंतराळात भार नाही, म्हणून तिथे खुब्याचे हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजते. बशीतल्या पेशीला ना भार, ना कोठडी, ना शेजार.

पेशींना आकार आणि शेजार लागतो, हे फार आधी ओळखले ते केंब्रिजच्या ऑनर फेल यांनी. १९२० च्या दशकात त्या कोंबडीच्या गर्भातले अवयवाचे अंकुर घड्याळाच्या काचेवर, गोठलेल्या रक्तद्रवावर ठेवत. अंकुर आकार न सोडता वाढत. त्रिमितीय संवर्धनाला ‘नवे तंत्रज्ञान’ म्हणणाऱ्यांनी ही काच आठवावी.

औषधांच्या चाचणीत अडचण वेगळी: ती आधी प्राण्यांवर होते, आणि प्राणी म्हणजे माणूस नव्हे. ठिसूळ हाडांवरच्या टेरिपॅराटाइड या औषधाने उंदरांना हाडाचा कर्करोग झाला, म्हणून २००२ मध्ये अमेरिकेत ते आले तेच चौकटीतला कडक इशारा घेऊन. माणसांत तसे दिसले नाही, आणि २०२० मध्ये चौकट निघाली. डेनोसुमॅब हे दुसरे औषध तर हाडाचे पाडकाम करवणाऱ्या, माणसाच्या ‘रँकल’ प्रथिनाला धरते, उंदराच्या रँकलला ओळखतही नाही. त्याची परीक्षा घ्यायला मानवी जनुकाचा तुकडा बसवलेले उंदीर तयार करावे लागले. माणसाचे औषध माणसाच्या पेशींवर तपासायचे तर त्या पेशींना राहायला घर हवे.

हे घर बऱ्याचदा रेशमाचे असते. कोश कापायचे आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळायचे. चिकट सेरिसिन निघून जाते, फायब्रॉइन उरते. ते विरघळवून भांड्यात घालायचे ते मिठाच्या चाळलेल्या खड्यांसह. मग पाण्यात ठेवले की मीठ निघून जाते आणि मागे जाळी पडलेला साचा उरतो. अनारशाला जाळी पडली की घरात जो आनंद होतो, तोच इथे. अशाच रेशमावर नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या संशोधकांनी मानवी अस्थिमज्जेतल्या मूलपेशी पेरल्या, भोवतीचा द्रव ढवळत ठेवला. काही पेशी गवंडी झाल्या, काही स्वतःच बांधलेल्या भिंतीत गाडल्या जाऊन ऑस्टिओसाइट झाल्या. २०२१ च्या लेखात त्यांनी त्याला पक्के हाड म्हटले नाही. मोडलेल्या जागी आधी येणारे, ओबडधोबड विणीचे हाड म्हटले. हा संयम मला प्रयोगाइतकाच मोलाचा वाटतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही रेशमी साच्यांवर काम झाले आहे. भारताने २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून पेशींवरच्या अशा चाचण्यांना जागा दिली. पण नियमाने जाळीच्या आत रक्त पोचत नाही. जिवंत हाडात पेशी रक्तवाहिनीपासून फार तर एक-दोन दशांश मिलिमीटरवर असते; साच्यात रक्तवाहिनीच नाही. द्रव नुसता भोवती ठेवला तर कडेच्या पेशी खातात-पितात, मधल्या उपाशी राहतात. द्रव दाब देऊन आरपार ढकलावा लागतो, त्याला यंत्र लागते, आठवडे लागतात, आणि एका वेळी शेकडो औषधे तपासायची म्हटली की हिशेब कोलमडतो. त्यात साचा अपारदर्शक. आत काय चालले आहे हे सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. शेवटी तुकडा कापावाच लागतो. कापून आलिझारिन ओतले, की बऱ्याचदा कडा लाल होते आणि मध्य पांढरा राहतो.