दाराच्या पोटातलं पाणी

पावसाळ्यात एसयूव्हीचं दार उघडताना आतून ‘डुबुक’ आवाज येतो का? काचेलगतच्या रबरातून थोडं पाणी दारात उतरणारच. ते निघून जावं म्हणून खालच्या कडेला बारीक भोकं असतात. मुंबईत गिरगाव चौपाटीची वाळू, लालबागच्या बांधकामांची धूळ, हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातला गाळ यांनी ती बुजतात, पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून गंजू लागतो. खाऱ्या हवेतलं मीठ ओलावा धरून ठेवतं, त्या ओलाव्यातून वीजभार सहज वाहतो. म्हणून समुद्राकाठी गंज लवकर चढतो. रंगाला फुगवटा दिसेपर्यंत आतला पत्रा बराच खाल्लेला असतो. दाराच्या खालच्या कडेवर बोट फिरवून भोकं चाचपा, लाकडी दातकोरणीने मोकळी करा. तार नको, तिने रंग खरवडला जातो. भोकं मोकळी होताच गढूळ पाण्याची धार पायावर येईल.