लेकरांसाठी गोळी टाळताना

डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी लिहून दिलेली असते, मेडिकलमधून ती आणलेलीही असते आणि तरी पाकीट महिनाभर कपाटात तसंच पडून राहतं. हे परभणीत होतं तसं पुण्यातही होतं. पण ज्यांच्या घरात दोन-चार वर्षांची लेकरं आहेत, त्यांच्या धास्तीचा रंग वेगळा असतो. रात्री बाळ रडलं आणि जागच आली नाही तर? अंगावर पाजतेय, दुधातून उतरेल का? एकदा सुरू केली की जन्माची सवय लागेल का? सासरी कळलं आणि ‘डोक्याच्या गोळ्या खाते’ म्हणत लेकरू काढून घेतलं तर? या प्रश्नांना भित्रेपणा म्हणणं चूक आहे, कारण ते जबाबदार माणसालाच पडतात. त्यांत खोट एकच आहे. तराजूच्या एका पारड्यात गोळी ठेवलेली असते आणि दुसरं पारडं रिकामं आहे असं धरून चाललेलं असतं. प्रत्यक्षात त्या दुसऱ्या पारड्यात आजार बसलेला असतो. गोळी न घेणारी आई म्हणजे ठणठणीत आई नव्हे; ती उपचाराविना आजारी असलेली आई असते. आईच्या जागी बाप घातला तरी हिशेब तोच.

या दुसऱ्या पारड्याचं वजन किती, याचा शोध आपल्या शेजारी गोव्यातच घेतला गेला आहे. म्हापशाच्या एका रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांचा मागोवा मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के स्त्रियांना नैराश्य असल्याचं दिसलं. गरिबी, नवऱ्याशी न पटणं आणि मुलगी झाल्याची बोच ही त्यामागची कारणं मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावी लागणार नाहीत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच संशोधकांनी सहा महिन्यांच्या १७१ बाळांची वजन-उंची मोजली. ज्या बाळांच्या आयांना नैराश्य होतं, ती वजनाला आणि लांबीला कमी भरली, मानसिक वाढीच्या चाचणीतही मागे पडली. आता उलट बाजू पाहा. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नैराश्यावर औषध घेणाऱ्या १५१ आया आणि त्यांची ७ ते १७ वर्षांची मुलं होती. तीन महिन्यांत ज्या आया पूर्ण सावरल्या, त्यांच्या मुलांमधल्या मानसिक तक्रारींचं प्रमाण ११ टक्क्यांनी घटलं. ज्या सावरल्या नाहीत, त्यांच्या मुलांमध्ये ते ८ टक्क्यांनी वाढलं. कुणी म्हणेल, सावरणाऱ्या आयांचं घरच मुळात बरं असेल, श्रेय गोळीला कशाला? आक्षेप रास्त आहे. हा अभ्यास गोळीची जाहिरात करत नाही. आई बरी होण्याशी लेकराचं बरं असणं बांधलेलं आहे, एवढंच तो दाखवतो, आणि आपल्या मुद्द्याला तेवढं पुरेसं आहे.

बहुतेक गैरसमजांचं मूळ मात्र दोन वेगळ्या गोळ्यांना एकाच नावाने हाक मारण्यात आहे. आपल्याकडे दोन्ही ‘टेन्शनची गोळी’. एसिटालोप्रॅम, सर्ट्रालीन, फ्लुऑक्सेटीन ही नैराश्यावरची औषधं. ती घेतल्यावर तासाभरात काहीच वाटत नाही. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला दीड-दोन महिने. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम या गुंगी आणणाऱ्या गोळ्या. अर्ध्या-एक तासात जीव शांत होतो, झोप लागते आणि महिनोन्‌महिने घेतल्या तर सवयही लागते. रात्री लेकराच्या रडण्याने जाग येणार नाही ही भीती या दुसऱ्या जातीच्या बाबतीत अगदी बरोबर आहे. घोटाळा असा की आपल्या बाजारात दोन्ही औषधं एकाच गोळीत घालून सर्रास विकली जातात, म्हणून पाकिटावर दोन नावं दिसली तर डॉक्टरांना सरळ विचारावं: यातली झोपेची कोणती, आणि ती किती दिवस? शेजारणीच्या गोळीने शेजारीण दिवसभर पेंगत होती, हा पुरावा बहुधा या मिश्रणाविरुद्धचा असतो. अर्थात नैराश्याच्या गोळीलाही त्रास आहेत. पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता, झोपेची मोडतोड. पुढे काहींची कामेच्छा मंदावते, आणि डॉक्टर विचारत नाहीत म्हणून हे कुणी सांगतही नाही. काहींना ना धड हसू ना धड रडू असं सपाट वाटू लागतं. हे सोसत बसायचं नसतं. मात्रा किंवा औषध बदलता येतं.

सवयीचं म्हणाल तर व्यसनात मात्रा वाढत जाते, जीव तिच्यामागे धावतो. नैराश्यावरच्या गोळ्यांबाबत तसं घडत नाही. पण त्या अचानक तोडल्या तर चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं. लोक त्यालाच व्यसन समजतात. आपल्या परभणी जिल्ह्यात हे फार साध्या कारणाने घडतं. सोनपेठ, गंगाखेड, पालम भागातली जोडपी दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात, चिठ्ठी गावातल्या कपाटात राहते, महिन्याच्या गोळ्या फडावर संपतात. मग काही दिवसांत जो त्रास होतो, त्याचा दोष औषधाच्या माथी येतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांना मुक्कामाची मुदत सांगून तेवढ्या गोळ्या आणि चिठ्ठीचा फोटो सोबत ठेवणं हा त्यावरचा उपाय. जन्मभर घ्यावी लागते हेही सरसकट खरं नाही. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर बरं वाटू लागल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मात्रा हळूहळू उतरवतात. वारंवार उलटणाऱ्या आजारात जास्त काळ.

शिकलेल्या वाचकाचा आक्षेप वेगळा असतो. मेंदूत सेरोटोनिन कमी पडतं म्हणून नैराश्य येतं, ही गोष्ट २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यात टिकली नाही. मग गोळी कशाला? ते सोपं चित्र बाद झालं हे मान्य. पण औषध का लागू पडतं आणि लागू पडतं का, हे दोन प्रश्न निराळे. दुसऱ्याचं उत्तर २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. ५२२ चाचण्या, एक लाख सोळा हजारांवर रुग्ण, २१ औषधं. सगळीच औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, मात्र फरक माफक होता. जादू नाही, फसवणूकही नाही. गोव्यातल्याच ४५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत फ्लुऑक्सेटीनने दोन महिन्यांत खोट्या गोळीपेक्षा जास्त गुण दिला. वर्षअखेरीस मात्र तो फरक उरला नाही. आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्याच दुसऱ्या चाचणीत थोडं प्रशिक्षण मिळालेल्या सामान्य माणसांनी घेतलेल्या सहा-आठ समुपदेशन बैठकांनीही मध्यम-तीव्र नैराश्याचे रुग्ण मोठ्या संख्येने सावरले. तेव्हा सौम्य आजारात आधी बोलण्याचे उपचार मागणं हा पूर्ण शहाणपणाचा निर्णय आहे. लेकराला न्हाऊ घालायचीही ताकद उरली नसेल, तेव्हा मात्र केवळ बोलण्यावर भागवणं महाग पडतं.

एका धोक्याबद्दल मात्र पुरेसं बोललं जात नाही. पंचविशीच्या आतल्या रुग्णांमध्ये सुरुवातीच्या काळात या औषधांनी आत्मघाताचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ पासून हा इशारा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला आहे. आता आपला जिल्हा आठवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत परभणीतल्या २० ते २४ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. म्हणजे आपल्याकडे लहान लेकरांची आई बहुधा याच वयोगटात सापडते. गोळी नाकारण्याचं हे कारण नव्हे. पहिला महिनाभर घरातल्या कुणीतरी रोज विचारपूस करायची आणि दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचंच, यासाठी ते कारण आहे. पूर्वी कधी झोपेविना अतिउत्साहाचे, उधळपट्टीचे दिवस आले असतील तर तेही आधी सांगावं. तशा आजारात नुसती ही गोळी उलटू शकते.

दुधाबद्दल थोडक्यात: सर्ट्रालीन दुधात अत्यल्प उतरतं, म्हणून पाजणाऱ्या आईला बहुधा तेच आधी सुचवतात. लेकराला गोळीपासून खरा धोका दुधातून नसतो, तो उशाखाली ठेवलेल्या पाकिटातून असतो. अमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या औषधाच्या मोजक्या गोळ्याही रांगत्या पोराच्या जिवावर बेतू शकतात. म्हणून कुलूप लागतं त्या कपाटात, तेही वरच्या खणात.

लेकरू हिरावलं जाण्याच्या भीतीला कायद्यातच उत्तर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आजाराचं निदान झालं म्हणजे माणूस मनाने विकल ठरत नाही. ते ठरवायला सक्षम न्यायालयच लागतं. उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे. रुग्णालयात राहावं लागलंच तर तीन वर्षांखालच्या लेकराला सहसा आईपासून वेगळं करायचं नाही, असंही तो सांगतो. घटस्फोटासाठीही आजाराचं नाव पुरत नाही, त्याची तीव्रता सिद्ध करावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलं. तो खटला तर नैराश्याहून कितीतरी गंभीर आजाराचा होता. सासरची कुजबुज कायद्याने थांबत नाही, हे खरंच. पण दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या सुनेबद्दलही कुजबुज होतेच.

तेव्हा पाकीट कपाटात असेल तर ते फेकण्याआधी किंवा फोडण्याआधी आपले प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा: झोपेचं औषध यात आहे का, मी पाजतेय हे विचारात घेतलंय का, पुन्हा कधी येऊ, किती महिने चालेल. परभणीपर्यंत एसटीने जाणं जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र विचार करत बसू नका, घरातल्या कुणाला तरी सांगा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.