रानाचा बिनपगारी पेरक्या

आंब्याखाली पडलेल्या कोयी रुजतात, पण त्यांतल्या किती कोयींची झाडे होतात? आईच्या सावलीत रोपे खुरटतात, कीडही तिथेच जमते. मग रान पेरते कोण?

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या अरण्यात लांब हातपायांची कोळी-माकडे हे काम करतात. ती फळे बियांसकट गिळतात आणि दूरवर विष्ठेतून बी टाकतात. शेणकिडे त्यातले काही मातीत पुरतात. म्हणजे पेरणीबरोबर खतही!

पेरू देशात शिकारीने ही माकडे जिथे घटली, तिथे मोठ्या बियांच्या झाडांची रोपे कमी आढळली. रान हिरवे दिसते, पण जुन्या झाडांमागे पुढची पिढी उभी नाही.

आपल्या सह्याद्रीतील लाल तोंडाची माकडेही गालात फळे भरून नेतात, बिया दूर थुंकतात. पिकाची राखण जरूर करा. पण रानातल्या पेरक्याला मारू नका.