दाढ काढली, पुढे काय?

मैत्रिणींनो, घरात कुणाचं काही दुखलं की आपण लगेच दवाखाना गाठतो. स्वतःची दाढ काढून आलो, की मात्र ‘ठणका गेला ना, झालं!’ म्हणून विषय संपवतो.

माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या खालच्या दोन दाढा गेल्या. भाकर वरणात कुस्करून खायची, हुरडा-शेंगा बंद. मी म्हटलं, “ताई, दात बसवून घ्या.” तर म्हणाल्या, “आता या वयात कोणाले दाखवाचे आहेत दात?” दहा वर्षांनी गेल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हाड झिजलंय, इम्प्लांट करायचं तर आधी हाड भरावं लागेल. तो खर्च झेपणारा नव्हता. त्यांनी काढ-घालीची कवळी घेतली.

दात गेला की तिथल्या हाडाला काम उरत नाही, ते हळूहळू झिजतं. शेजारचे दातही रिकाम्या जागेत कलतात.

ब्रिज करताना बाजूचे चांगले दात घासावे लागतात. इम्प्लांटमध्ये टायटॅनियमचा छोटा स्क्रू हाडात बसवतात. साधारण तीन ते सहा महिन्यांत हाड त्याला घट्ट धरतं, मग वर कॅप बसते. हाड टायटॅनियमला असं धरून ठेवतं, हे स्वीडनच्या डॉ. ब्रॅनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरच्या प्रयोगात दिसलं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. ते त्याला चाळीस वर्षांहून जास्त पुरले!

पण साखर आटोक्यात हवी. खर्रा, तंबाखूचं मंजन सोडायलाच हवं, नाहीतर जखम नीट भरत नाही. इम्प्लांट किडत नाही, पण घासला नाही तर भोवतीची हिरडी पिकते आणि तो हलू लागतो.

आपल्या वर्धेजवळ सावंगी (मेघे) इथे १९९१ पासून शरद पवार दंत महाविद्यालय आहे. आर्वी-हिंगणघाटच्या मैत्रिणींनी तिथेही चौकशी करावी. स्क्रू, कॅप, तपासण्या धरून एकूण खर्च किती, हे आधीच विचारा.

आणि दाढ काढायला खुर्चीवर बसाल, तेव्हाच विचारा, “डॉक्टर, इथे पुढे काय बसवता येईल आणि कधी?” इम्प्लांट नाही परवडला तर ब्रिज, नाहीतर कवळी. पण जागा रिकामी ठेवू नका. घरातल्या सगळ्यांना गरम भाकर वाढणारीलाही ती चावून खाता आली पाहिजे ना!